जहाजाचा पहिला भाग

४ एप्रिल

डॉक्टरनं सांगितलं, रोज लिहा. म्हणून ही वही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही रानात काम नसेल त्या दिवशी. अक्षर मोठं आहे आणि ओळी उताराला लागतात. वाचणारं कुणी नाही, तेव्हा चालेल.

आजाराचं नाव लांबलचक आहे. निशानं दोनदा सांगितलं, मी दोनदा विसरले, म्हणजे डॉक्टरचं निदान बरोबर असावं. मराठीत सांगा म्हटलं तर म्हणाला, "आजी, हळूहळू विसरायला होईल." मी विचारलं, "हळूहळू म्हंजे किती?" तर मान खाली घालून कागदावर लिहायला लागला. उत्तर माहीत नसलं की माणसं लिहायला लागतात. मीपण आता तेच करतेय.

पुढं लागेल म्हणून घरची माणसं लिहून ठेवते. मी चंद्रभागा. संपत माझा मुलगा, विटा-वाळू पोचवतो, दिवसभर साईटवर असतो. विजयमाला माझी सून, करोनात गेली. निशा त्यांची मुलगी, चोवीस वर्षांची, इंजिनीअर. घर वाघोलीत, अकरावा मजला. बाकी कुणाला लक्षात ठेवायची गरज नाही.

७ एप्रिल

डॉक्टरनं आणखी एक सांगितलेलं. एक गोष्ट धरा, रोज थोडी बघा आणि दुसऱ्याला सांगा. निशा म्हणाली, टीव्हीवरची मालिका धरू. मी म्हटलं सासवासुनांची नको. तिथं रोज तेच होतं. मला आठवतंय की विसरलंय ते ब्रह्मदेवालासुद्धा कळायचं नाही. मग तिनं स्वतःच्या आवडीची लावली, आकाशातल्या जहाजाची. माणसं परदेशी, बोलतात हिंदी. रोज दुपारी चारला एक भाग.

पहिला भाग असा. पृथ्वी नासलीये, पाणी संपलंय. चार हजार माणसं घेऊन एक जहाज दुसऱ्या जगाला निघालंय. पोचायला तीनशे वर्षं. म्हणजे आज चढणारा एकही पोचणार नाही, त्यांच्या नातवंडांची नातवंडं पोचणार. जहाजाच्या मुख्याची म्हातारी आई दारापर्यंत येते. मुलानं तिच्यासाठी जागा ठेवलीये. ती म्हणते, माझ्या जागी एखादं पोर बसव. मुलगा दारात अडतो, जहाज खोळंबतं. मग म्हातारी बाहेरूनच कळ दाबते आणि दार लावून टाकते. डोळ्यातून टिपूस नाही.

निशा रडली. मी म्हटलं, "रडायचं काय त्यात? शहाणी बाई हाय. जाणाऱ्याला जाऊ द्यावं, दारात उभं करून ठिवू नये."

१० एप्रिल

परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून मी आमच्याकडची ठेवली. मुख्य तो पाटील. यंत्रं दुरुस्त करणारी बाई सगळ्यांच्या मागून जेवते, ती मोठी सून. आणि जहाजात एक नुसता आवाज आहे, माणूस नाही. त्याच्याकडं सगळ्याची नोंद असते, पण विचारलं तर वेळेवर सांगत नाही. तो तलाठी. निशा हसून पलंगावर आडवी झाली.

"आजी, तो एआय आहे गं."

"आसंल. वागणं तलाठ्याचं हाय."

"पुढे तो व्हिलन होतो. बघ, स्पॉयलर दिला मी तुला."

"तलाठी व्हत न्हाई, आधीपासूनच असतो."

१६ एप्रिल

आजच्या भागात जहाजात जन्मलेली एक मुलगी विचारते, माती म्हणजे काय. मोठी सून तिला डबीतली चिमूटभर माती दाखवते आणि पोरगी ती चाटून बघते.

आमचं रान याच इमारतीखाली आहे. लिफ्ट आहे तिथं विहीर होती, पार्किंगात ज्वारी. जहाजातल्या लोकांना उतरायला जमीन नाही म्हणून निशा हळहळते. आम्हाला होती. आम्ही तिच्यावर बांधलं आणि वर चढून बसलो. आमच्यावर कुणी मालिका काढणार नाही.

२० एप्रिल

निशाला नोकरी लागलीये. हैदराबादला, उपग्रहाचे भाग करतात तिथं. एक जुलैला हजर व्हायचंय. मला सांगितलं नाही. स्वयंपाकघरात बापाला हळू आवाजात सांगत होती, की नको म्हणून कळवते, आजीचं कोण बघणार. मी विसरते, बहिरी नाही.

माझ्या सासूला हाच आजार होता. तेव्हा म्हातारचळ म्हणायचे. मी बाविसाव्या वर्षी तिचं करायला लागले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी सुटले. पहिल्या वर्षी मी तिची वेणी घालायचे, तिला घास भरवायचे, गावात माझं नाव होतं. मग एकदा ती चुलीत हात घालायला गेली. त्या दिवशी रानात जाताना तिला जुन्या लुगड्यानं खाटेला बांधलं. एकच दिवस म्हणून बांधलं. मग रोज बांधलं. ती गेली तेव्हा बाया रडल्या आणि मी भाकरी थापल्या. मला बरं वाटलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

निशाचे हात ह्या कामाला लावायचे नाहीत.

२२ एप्रिल

आज करार केला. कर्वेनगरात एक घर आहे, माझ्यासारख्यांना ठेवून घेतात. खालच्या वॉचमनची, दत्तोबाची, बहीण तिथं कामाला आहे. ती म्हणाली, जेवण बेचव पण मारत नाहीत. तेवढं पुरे.

करार असा. दर रविवारी निशानं मला तीन प्रश्न विचारायचे. आवाजाला मी काय नाव ठेवलं. मोठी सून काय करते. ह्या आठवड्यात जहाजात काय झालं. बरोबर आलं तर कॅलेंडरवर बरोबरची खूण, चुकलं तर फुली. लागोपाठ दोन फुल्या झाल्या की माझी पिशवी भरायची आणि मला कर्वेनगरला सोडायचं. फुल्या नाही झाल्या तर मी इथंच संपतजवळ. काहीही झालं तरी निशा एक जुलैला हैदराबादला.

संपत म्हणाला, "आये, आसलं काय लिहून घ्यायचं अस्तं का?"

मी म्हटलं, "जमीन दिली तवा नव्वद कागदांवर सह्या केल्या. ही एक कर."

तिघांच्या सह्या झाल्या. निशानं सगळ्यात उशिरा केली. कागद साबुदाण्याच्या डब्यात ठेवलाय. ह्या घरात उपास कुणी करत नाही.

२७ एप्रिल, रविवार

तिन्ही बरोबर. निशानं मोठी खूण केली. मी म्हटलं, "लहान कर, पुढच्या रविवारला जागा ठिव."

१४ मे

आज पाटील मेला. जहाजाच्या बाहेर फुटलेली नळी बांधायला गेला होता, कमरेला दोरी होती. नळी सुटली आणि त्याला लांब ओढायला लागली. दोरी तोडली नाही तर जहाजच ओढलं जाणार. आत मोठी सून उभी. पाटील बाहेरून मान हलवतो, म्हणजे काप. ती कापते. मग हात धुते आणि कामाला लागते.

निशा चिडली. म्हणाली, "तिने ट्राय तरी करायला हवं होतं. मला ती आता आवडत नाही."

"परेत्न करता करता चार हजार माणसं गेली आसती."

"मी नसती कापली, आजी."

"ते दिसतंय मला. म्हणून तर कागद केला."

मग ती चहा करायला उठली. फार गोड केला होता.

२५ मे, रविवार

तिन्ही बरोबर. पाटलाचं नाव सांगताना ह्यांचं नाव तोंडात आलं. ह्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. निशा म्हणाली चालेल. मी म्हटलं चालायचं नाही, पण तिनं खूण करून टाकली होती.

८ जून, रविवार

आवाजाचं नाव काही केल्या येईना. जिभेच्या टोकावरसुद्धा नव्हतं, तिथं नुसतं रिकामं. निशा पाणी आणायला उठली, जाताना म्हणाली, टीव्हीकडे बघ, आठवेल. टीव्हीच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली होती, तलाठी. मी वाचून सांगितलं. तिनं बरोबरची खूण केली.

चिठ्ठी कशाला लावली विचारलं तर म्हणाली, बाबांना सातबारा काढायचाय, आठवण राहावी म्हणून. आता कुठला सातबारा राहिलाय? ह्या घरात माझ्याहून विसराळू माणसं आहेत.

१ जुलै

तारीख कॅलेंडरवर गोल केलेली होती म्हणून कळली. निशा सकाळी पोळ्या करत होती. मी म्हटलं, "गाडी कितीला?" म्हणाली, कंपनीनं तारीख बदलली, पुढच्या महिन्यात. कंपन्यांचं काही खरं नसतं. संपत ताटात बघून जेवत होता. निशाचं बोलणं झाल्यावर त्यानं भात घेतला, आधी घेत नव्हता.

१९ जुलै

दत्तोबा माजलाय. घरात पिण्याचं पाणी नव्हतं म्हणून कळशी घेऊन खाली विहिरीवर गेले, तर आडवा आला. म्हणाला, "वैनी, चला वर."

"बाजूला हो. हीर कुठं गेली?"

"वैनी, पायात चप्पल न्हाई तुमच्या. चला."

माझ्या रानात मला चप्पल विचारतो. ह्याचा बाप आमच्याकडं औत धरायचा. वर आणून सोडलं तर निशा दारात उभी, तोंड पांढरं. तिनं माझे पाय धुतले. मोटारींचं तेल लागलं होतं म्हणे. विहिरीवर तेल कुठून येणार?

१२ ऑगस्ट

निशानं आज एक नवीन मालिका लावली. आकाशातल्या जहाजाची. पृथ्वीवरचं पाणी संपलंय. जहाजाच्या मुख्याची म्हातारी आई जहाजात चढत नाही, बाहेरून कळ दाबून दार लावून टाकते. शहाणी बाई. मला आवडली मालिका. मुख्याला पाटील म्हणावं असा आहे. निशाला तसं म्हटलं तर ती हसली, पण हसायला उशीर केला.

१५ ऑगस्ट

खालून झेंडावंदनाची गाणी. दुपारी नवीन मालिका लावली, जहाजाची. जहाज निघतं आणि म्हातारी मागं राहते. मी निशाला विचारलं, "पयल्यांदाच बघतीयास का?" म्हणाली, "हो आजी, पहिल्यांदाच." तिला पुढचं बोलणं आधीच येत होतं, ओठ हलत होते. हुशार पोरगी.

२४ ऑगस्ट, रविवार

निशानं तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरंपण तीच म्हणाली, मी हो म्हटलं. खूण झाली. कॅलेंडरवर सगळ्या रविवारी बरोबरच्या खुणा आहेत, एक फुली नाही. ह्या वयात एवढी पास होणारी बाई वाघोलीत दुसरी नसेल.

९ सप्टेंबर

आज सकाळी डोकं धुतल्यासारखं स्वच्छ आहे. किती वेळ राहील माहीत नाही, म्हणून घाईनं लिहिते.

निशा अंघोळीला गेली होती. मी वही पहिल्यापासून वाचली. आजवर वाचली नव्हती, लिहिलेलं परत कशाला वाचायचं म्हणून. ऑगस्टपासून मी एकच भाग लिहितेय. नवीन मालिका, नवीन मालिका, नवीन मालिका. अकरा वेळा. मध्येच एका पानावर नुसतं कळशी, कळशी लिहिलंय. अक्षर माझंच.

साबुदाण्याचा डबा शोधला. घासून पालथा घातलेला.

निशा केस पुसत बाहेर आली. मी विचारलं, "कागद कुठाय?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. तिला कळलं की आज मी आहे.

"फाडला, आजी."

"कवा?"

"जूनमध्ये."

"खुणा खोट्या?"

"हो."

"आन् हैदराबाद?"

"ती जागा दिली त्यांनी दुसऱ्या कुणाला. आधी थांबले होते ते, जुलै, मग ऑगस्ट. मग नाही थांबले."

"मला म्हनालीस पुढच्या म्हैन्यात."

"रोज विचारायचीस तू. मी रोज तेच सांगायचे."

तिचा चेहरा मी आज नीट पाहिला. डोळ्यांखाली काळं, हाताला भाजल्याचा डाग. डाग कसला विचारलं तर म्हणाली, तू गॅस चालू केला होतास. पोरगी विजयमालाच्या शेवटच्या दिवसांसारखी दिसते. चोवीस वर्षांची.

मग मी तिला सासूचं सांगितलं. खाटेचं, लुगड्याचं, भाकऱ्यांचं. सगळं. म्हटलं, "तूबी बांधशील."

"मी नाही बांधणार."

"मीबी आसंच म्हनायची. पयल्या वर्साला मी तिची येणी घालायची."

ती खाली बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. म्हणाली, "आजी, आज तू आहेस ना. मग आज हे नको ना बोलूस. आपण पुढचा भाग बघू. पाटील मेल्यानंतरचा, तुझ्या लक्षातून गेलेला. किती दिवस झाले, मला कुणी बोलायलाच नाही त्यावर."

तेव्हा मला राग आला. त्या मालिकेपायी नव्हे. ती ह्या एका दिवसासाठी बसून राहिली होती, आणि असे दिवस किती येणार हे मला ठाऊक आहे. सासूला सहा वर्षांत चार आले होते.

संपतला फोन लावायला सांगितला. म्हटलं, "आज मला कर्वेनगरला सोड. पोरीला दुसरी नोकरी बघू दे."

"आये, आज माल उतरायचाय. रैवारी बघू."

"रैवारी मी आसंन का?"

"कुठं चाललीस तू? बरी तर हायस. किती चांगलं बोलतीयास आज."

ह्याला विटा कळतात.

निशाला म्हटलं पिशवी भर. तिनं दोन पातळं भरली, बाहेर काढली, परत भरली. मग स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून उभी आहे, आवाज येतोय.

पिशवी तशीच राहिली. दुपारी चारला आम्ही पुढचा भाग बघितला. पाटलाच्या जागी मोठ्या सुनेला बसवलं. ती खुर्चीत बसत नाही, उभ्यानंच काम करते. तलाठी तिला सारखं विचारतो, दोरी कापताना काय वाटलं, नोंदीसाठी हवंय. ती उत्तर देत नाही. निशा म्हणाली, तिला वाईट वाटलं म्हणून ती बोलत नाही. मी म्हटलं, तिला बरं वाटलं म्हणून बोलत नाही. निशानं टीव्ही थांबवला.

चहा झालाय. डोळ्यांपुढं थोडं धुरकटायला लागलंय. उद्यासाठी पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. निशाच्या जाड पेनानं.

निशाला जाऊ दे.

तारीख निशाला विचारली, ती म्हणाली राहू दे

थंडी पडलीये. निशानं आज नवीन मालिका लावली. आकाशात जहाज चाललंय. एक म्हातारी दारात उभी आहे आणि तिचा मुलगा तिला टाकून जातो. वर तिलाच दार लावायला लावतो. काय दगडाचं काळीज. असली पोरं जन्माला घालून त्या बाईनं काय मिळवलं? मी निशाला म्हटलं, "आमचं तसं न्हाई बाई. तू बघ, नोकरी न्हाई, काई न्हाई, दिवसभर माझ्याजवळ." ती माझ्या केसांत कंगवा फिरवत होती. ओढून फिरवला, दुखलं. मी हात मारला तर तिनं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि थोड्या वेळानं सोडलं.

ह्या वहीत कुणीतरी एक अख्खं पान वाया घालवलंय. मोठ्या अक्षरात एकच ओळ. निशाला जाऊ दे. अक्षर शाळेतल्या पोराचं दिसतं. मी निशाला दाखवलं. विचारलं, "कुठं जाऊ दे? कुठं जायाचंय तुला?"

तिनं पान बघितलं. मग म्हणाली, "दळण आणायला, आजी."

म्हटलं, "मग जा की. त्याला लिहून कशाला मागायचं? दार उघडंच ठिवते, लवकर ये."

ती डबा घेऊन गेली. बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला. कुणाच्या दाराची होती कोण जाणे.